पिंड, ब्रह्मांड आणि एका धर्मगुरूचा अणू

दिवाळीच्या सुटीत सालेकसा तालुक्यातील एका गावी आमच्या धर्मग्रामातील तरुणांचे तीन दिवसांचे शिबिर भरले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायावर बोलणे चालले असता कौलांच्या फटीतून उन्हाचा एक कवडसा आत आला आणि त्यात धुळीचे कण तरंगताना दिसू लागले. बारावीला विज्ञान शाखेत शिकणाऱ्या एका मुलीने त्या कवडशाकडे बोट दाखवून विचारले, "फादर, अणूत मध्ये केंद्र असतं आणि भोवती इलेक्ट्रॉन फिरतात. सूर्यमालेतही तसंच आहे. मग आपली सूर्यमाला हा कुठल्या तरी फार मोठ्या विश्वातला एक अणू असेल का? आणि या धुळीच्या कणातही कोणी माणसं राहत असतील का?"

मुले हसली. मला मात्र हसू आले नाही. त्या मुलीने जे प्रश्न म्हणून विचारले, तेच मी एके काळी वेदीजवळ उभा राहून उत्तर म्हणून सांगितले होते. त्याची हकीकत पुढे ओघाने येईल. आधी या प्रश्नाचे वय पाहू, कारण तो विज्ञानाच्या पाठ्यपुस्तकापेक्षा पुष्कळच जुना आहे.

खुद्द कवडशातील कणसुद्धा भारतीय विचाराला अपरिचित नाही. कणादांच्या वैशेषिक दर्शनात दोन परमाणू मिळून द्व्यणुक होते आणि तीन द्व्यणुकांचे त्र्यणुक. डोळ्यांना दिसू शकणारा सर्वांत लहान पदार्थ म्हणजे हे त्र्यणुक. झरोक्यातून येणाऱ्या उन्हात तरंगताना दिसणारा कण तो हाच, असे मानले गेले. पण कणादांच्या परमाणूत दुसरे जग नाही. तेथे विभागणी थांबते. अणूत विश्व आणि विश्वात अणू ही कल्पना दुसऱ्या वाटेने आली. माणसाचे शरीर ही विश्वाची लहान प्रतिकृती आहे या समजुतीतून ती निघाली. आपल्या मराठीत तिला 'जे पिंडी ते ब्रह्मांडी' असे सुटसुटीत रूप मिळाले. युरोपातही ती होती. बाराव्या शतकातील संत हिल्डेगार्ड हिच्या ग्रंथातील चित्रांत विश्वाच्या चक्राच्या मध्यभागी हात पसरून उभा असलेला मनुष्य आहे. वारा, पाणी आणि ग्रह यांचा त्याच्या देहाशी मेळ घातलेला आहे. या संत स्त्रीला २०१२ साली ख्रिस्तसभेने धर्मपंडिता ही पदवी दिली.

मराठी माणसाने ही म्हण डोळे मिटून स्वीकारली असे मात्र म्हणता येणार नाही. समर्थ रामदासांच्या दासबोधात, नवव्या दशकात, 'अनुमाननिरसन' नावाचा एक समास आहे. पिंडासारखीच ब्रह्मांडाची रचना आहे या समजुतीलाच तेथे हात घातलेला आहे. असे बोलण्याची लोकांत चाल पडली आहे खरी, पण प्रत्यक्ष प्रचीती पाहू गेल्यास ती टिकते का, अशी शंका तेथे उभी केली आहे. समर्थांचा रोख अध्यात्माकडे आहे, पदार्थविज्ञानाकडे नाही, हे मी जाणतो. तरीही साडेतीनशे वर्षांपूर्वी आपल्याच भाषेत, दिसायला सुंदर असलेल्या साम्याला कोणीतरी अनुभवाची कसोटी मागावी, याचे मला अप्रूप वाटते. सेमिनरीत असताना तर्कशास्त्राच्या तासाला उपमा म्हणजे पुरावा नव्हे हे आम्ही घोकले होते. हा समास तेव्हा वाचला असता तर ते वाक्य घोकावे लागले नसते.

सतराव्या शतकात मात्र दोन यंत्रांनी या जुन्या कल्पनेत नवा प्राण फुंकला. दुर्बिणीने आकाश खोल केले, सूक्ष्मदर्शकाने थेंब खोल केला. दुर्बीण आपल्याकडेही फार लवकर आली. १६१८ च्या अखेरीस दिसलेले धूमकेतू गोव्यातील येशूसंघीय धर्मगुरूंनी दुर्बिणीतून पाहिले. 'ख्रिस्तपुराण' रचणारे फादर थॉमस स्टीफन्स त्या वेळी गोव्यात हयात होते. त्यांनीही ती दुर्बीण डोळ्याला लावली असावी असा माझा मनाचा लाडका तर्क आहे. त्याला आधार काही नाही. याच शतकात ब्लेझ पास्कल हा फ्रेंच गणिती होऊन गेला. तो निष्ठावान कॅथलिक होता. त्याच्या मृत्यूनंतर १६७० साली प्रसिद्ध झालेल्या टिपणांत तो वाचकाला आधी आकाशाच्या विस्तारात नेतो आणि मग एका क्षुद्र किड्याकडे वळवतो. त्याचे पाय, पायांतील शिरा, शिरांतील रक्त, रक्तातील थेंब असे उतरत उतरत तो सर्वांत लहान कणापाशी येतो आणि म्हणतो की येथेही आकाश, ग्रह आणि पृथ्वी असलेली अगणित विश्वे कल्पून पाहा. आमच्या शिबिरातील मुलीचा प्रश्न तो हाच. पास्कलला त्यातून भौतिकशास्त्र सांगायचे नव्हते. दोन अथांग दऱ्यांच्या मध्ये उभ्या असलेल्या माणसाला त्याची जागा दाखवून द्यायची होती.

गंमत अशी की या कल्पनेला पहिला खरा तडा पास्कलच्या लहानपणीच गेला होता. १६३८ साली गॅलिलिओने आपल्या शेवटच्या ग्रंथात दाखवून दिले की आकार वाढवला की वस्तू तीच राहत नाही. प्राण्याची उंची दुप्पट झाली तर त्याचे वजन आठपट होते, पण हाडाच्या छेदाचे क्षेत्रफळ चौपटच होते. म्हणून मोठ्या प्राण्याची हाडे प्रमाणाबाहेर जाड असावी लागतात. नागझिऱ्याच्या जंगलात ज्यांनी चितळ आणि गवा हे दोन्ही पाहिले आहेत, त्यांना हे वेगळे सांगायला नको. चितळ मोठे केले म्हणजे गवा होत नाही. सृष्टीचे नियम सर्वत्र तेच असतात, पण त्याच नियमांमुळे लहानाचे रूप मोठ्याला चालत नाही. माझ्या मते या साऱ्या चर्चेची किल्ली येथे आहे. पण ती किल्ली कुलपाला लावायला आणखी तीनशे वर्षे जावी लागली.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अणूचे पोट उघडले गेले. १९०४ साली जपानच्या नागाओका यांनी शनी आणि त्याची कडी यांच्या धर्तीवर अणूचे चित्र मांडले. १९११ साली रदरफोर्ड यांनी मँचेस्टर येथे झालेल्या प्रयोगांवरून सिद्ध केले की अणूचे जवळजवळ सगळे वस्तुमान मध्यभागी, अतिशय लहान जागेत एकवटलेले असते. १९१३ साली नील्स बोर यांनी त्या केंद्रकाभोवती ठरावीक कक्षांत इलेक्ट्रॉन फिरवले. सूर्यमालेत गुरुत्वाकर्षण अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात कमी होते. अणूत विद्युत आकर्षणही त्याच प्रमाणात कमी होते. नियमाचा साचा एकच, मग चित्रही एकच, असे वाटणे स्वाभाविक होते.

पण हे चित्र जन्मापासूनच आजारी होते. विद्युतभार असलेला कण गोल फिरू लागला की तो ऊर्जा बाहेर टाकतो. जुन्या नियमांप्रमाणे इलेक्ट्रॉन खरोखर ग्रहासारखा फिरता, तर सेकंदाच्या अब्जाव्या भागाच्याही आत तो केंद्रकात कोसळला असता आणि हा अंक हातात धरायला ना तुम्ही असता ना मी. बोर यांनी कोसळणे मना आहे असा नियमच घातला. त्याचे कारण त्यांच्यापाशी नव्हते. १९२५ साली हायझेनबर्ग आणि १९२६ साली श्रोडिंगर यांनी नवे गणित मांडले आणि त्यात कक्षा उरलीच नाही. इलेक्ट्रॉन कोठे सापडण्याची किती शक्यता आहे, एवढेच सांगता येते. तो ग्रहासारखा आज येथे, उद्या तेथे असा वाट चालत नाही.

प्रमाणही जुळत नाही. आपण भाताच्या मुलखातले लोक, म्हणून तांदळाचेच उदाहरण घेऊ. सूर्य हा पाच मिलिमीटरचा तांदळाचा दाणा मानला, तर सर्वांत दूरचा ग्रह नेपच्यून सुमारे सोळा मीटरवर येईल, म्हणजे चर्चच्या दारात दाणा ठेवला तर अंगणातच कोठे तरी. आता हायड्रोजनच्या अणूचे केंद्रक तेवढ्याच दाण्याएवढे मानू. मग इलेक्ट्रॉनची जागा दीडशे मीटरच्याही पुढे जाते. शिवाय मंगळ आणि गुरू एकमेकांसारखे नाहीत. पण विश्वातील प्रत्येक इलेक्ट्रॉन दुसऱ्या प्रत्येक इलेक्ट्रॉनसारखा तंतोतंत असतो, इतका की त्यांना वेगवेगळी नावे देण्याची सोयच नाही. ग्रह हा सूर्यापासून कोणत्याही अंतरावर फिरू शकतो, इलेक्ट्रॉनला ठरावीक पायऱ्याच आहेत. आणि ग्रहावर डोंगर, नद्या, माणसे असायला तो स्वतः अब्जावधी अणूंचा बनलेला असावा लागतो. इलेक्ट्रॉनच्या आत काही भाग असल्याचे आजवरच्या एकाही प्रयोगात दिसलेले नाही. म्हणून त्या मुलीला मी सांगितले की धुळीच्या कणात माणसे नाहीत. गव्याचा आणि चितळाचा दाखला दिला. ती थोडी हिरमुसली.

हे चित्र रद्द होऊन शंभर वर्षे होत आली, तरी ते पुस्तकांच्या मुखपृष्ठांवर, संस्थांच्या बोधचिन्हांत आणि आपल्या डोक्यात टिकून आहे. चित्र काढायला सोपे असले की ते खोटे ठरूनही मरत नाही.

मग अणू आणि विश्व यांचा एकमेकांशी काही संबंधच नाही काय? आहे, आणि तो आरशातील प्रतिबिंबापेक्षा कितीतरी जवळचा आहे. त्याचा इतिहास बराचसा आपल्याच भूमीवर घडला.

१८३५ साली ऑग्युस्त काँत या फ्रेंच तत्त्वज्ञाने असे मत दिले होते की तारे कशाचे बनलेले आहेत हे माणसाला कधीही कळणार नाही. तो १८५७ मध्ये वारला. दोनच वर्षांनी किरखोफ आणि बुन्सेन यांनी दाखवले की प्रत्येक मूलद्रव्य तापले असता प्रकाशाच्या वर्णपटात आपापल्या ठरावीक रेषा उमटवते आणि सूर्यप्रकाशातही त्याच रेषा ओळखता येतात. रोमचे येशूसंघीय धर्मगुरू फादर अँजेलो सेक्की यांनी याच पद्धतीने चार हजारांहून अधिक ताऱ्यांचे वर्णपट तपासून ताऱ्यांचे वर्ग पाडले. मग आले १८ ऑगस्ट १८६८ चे खग्रास सूर्यग्रहण. त्याची छाया भारतावरून गेली. जान्सेन हे फ्रेंच शास्त्रज्ञ गुंटूरला होते. आपल्याकडे पटवर्धनांच्या जमखंडी संस्थानात लेफ्टनंट जॉन हर्शेल यांनी दुर्बीण लावली होती. सूर्याच्या कडेने उसळणाऱ्या ज्वालांच्या वर्णपटात त्यांना तेजस्वी रेषा दिसल्या, म्हणजे त्या ज्वाला तप्त वायूच्या होत्या हे ठरले. त्यांतली एक पिवळी रेषा पृथ्वीवरील कोणत्याच ज्ञात मूलद्रव्याची नाही, हे पुढे इंग्लंडमध्ये नॉर्मन लॉकयर यांच्या अभ्यासातून पुढे आले. सूर्याच्या ग्रीक नावावरून त्या अज्ञात द्रव्याला हेलियम म्हटले गेले.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. कोकणातील विजयदुर्ग किल्ल्यावर लॉकयर यांनी १८६८ साली हेलियमचा शोध लावला, असे आपल्याकडे मोठ्या हौसेने सांगितले जाते. त्या वर्षी लॉकयर भारतात आलेच नव्हते; त्यांनी ती रेषा ऑक्टोबरात इंग्लंडमधून, ग्रहण नसताना पाहिली. विजयदुर्गावर ते आले ते तीस वर्षांनी, २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणासाठी. किल्ल्याचा मान त्यामुळे कमी होत नाही, पण तारखा सरमिसळ करून मिळवलेला मान फार दिवस टिकत नाही. त्याच १८९८ च्या ग्रहणात पुण्याचे प्राध्यापक नायगमवाला सोलापूरकडच्या जेऊर येथे होते. आपल्या विदर्भात तळणी या गावी मॉन्डर पतिपत्नींनी तळ दिला होता आणि ॲनी मॉन्डर यांनी सूर्याच्या प्रभामंडलाच्या लांब किरणाचे छायाचित्र तेथेच घेतले. बिहारात डुमरांव येथे बंगाल मिशनच्या येशूसंघीय धर्मगुरूंचा जथा होता. विजयदुर्गापासून बिहारपर्यंत गेलेल्या त्या छायेच्या वाटेवर धर्मगुरू, प्राध्यापक आणि संसारी स्त्रीपुरुष एकाच दिवशी आकाशाकडे पाहत उभे होते, हे चित्र मला फार आवडते.

हेलियमची गोष्ट येथे संपत नाही. १८९५ मध्ये विल्यम रॅमझे यांना हा सूर्यावरचा वायू युरेनियम असलेल्या एका खनिजात, म्हणजे साध्या दगडात सापडला. दगडात सूर्याचा वायू कसा आला? त्याचे उत्तर १९०८ साली रदरफोर्ड आणि रॉइड्स यांनी दिले. युरेनियमसारखी द्रव्ये आपोआप फुटताना जे कण बाहेर टाकतात ते हेलियमचीच केंद्रके असतात. तो वायू सूर्यावरून दगडात आला नव्हता. तेथे हायड्रोजन जुळून हेलियम होत होता, येथे युरेनियम तुटून होत होता. कायदा दोन्हीकडे एकच.

याचा पुरावा पाहायला आपल्याला दूर जायला नको. आपल्या जिल्ह्यातील आमगावचे नाव भूशास्त्रज्ञांना परिचित आहे, कारण तेथील प्राचीन पट्टेदार खडकांच्या समूहाला त्यांनी आमगावचेच नाव दिले आहे. हा खडक अडीचशे कोटी वर्षांहून अधिक जुना आहे. शेतकरी ज्याला बांधावरचा धोंडा म्हणून बाजूला सारतो, त्या जातीच्या खडकाचे वय कोणी कसे सांगितले? अणूंना विचारून. युरेनियमच्या मुख्य प्रकारातील निम्मे अणू सुमारे ४४७ कोटी वर्षांत फुटून शेवटी शिसे होतात. किती फुटले आणि किती उरले हे मोजले की काळ कळतो. डोळ्यांना न दिसणाऱ्या केंद्रकाचे घड्याळ पृथ्वीचे वय सांगते, आणि विश्वाचे आजचे मान्य वय, सुमारे १३८० कोटी वर्षे, त्याच हिशेबात बसते. शिबिराच्या तिसऱ्या दिवशी मी मुलांना वाटेवरचा एक धोंडा उचलून हे सांगितले. आदल्या दिवशी हिरमुसलेली मुलगी तो धोंडा बराच वेळ हातात घेऊन बसली होती.

आता शीर्षकातील धर्मगुरूकडे येतो. जॉर्ज लमेत्र यांचा जन्म १८९४ साली बेल्जियममध्ये झाला. पहिल्या महायुद्धात ते तोफखान्यात लढले, १९२३ साली त्यांना गुरुदीक्षा मिळाली आणि लगेच ते केंब्रिजला एडिंग्टन यांच्याकडे शिकायला गेले. १९२७ मध्ये त्यांनी विश्व प्रसरण पावत आहे असे गणिताने आणि निरीक्षणांच्या आधारे मांडले. दीर्घिका जितकी दूर तितकी वेगाने दूर जाते, या नियमाला २०१८ पासून हबलच्या जोडीने लमेत्र यांचेही नाव लावले जाते. पण आपल्या विषयाशी निगडित आहे तो ९ मे १९३१ च्या 'नेचर' या नियतकालिकात आलेला त्यांचा छोटासा मजकूर. त्यात त्यांनी सुचवले की काळाच्या आरंभी सगळे विश्व एकाच अणूच्या रूपात असावे आणि त्या अणूचा भार म्हणजे विश्वाचा संपूर्ण भार. तो आद्य अणू फुटत फुटत आजचे सगळे झाले. विश्व हे अणूसारखे दिसते असे त्यांनी म्हटले नाही. विश्वाचा आरंभ समजायचा तर अणूचे शास्त्र लागेल, असे त्यांचे म्हणणे होते. हा फरक लहान वाटतो, पण सारे त्यातच आहे.

लमेत्र यांचा आद्य अणू त्यांनी कल्पिला तसा पुढे टिकला नाही. अवकाशातून येणारे विश्वकिरण ही त्या स्फोटाची राख असे त्यांना वाटे. ते चुकीचे ठरले. पण मूळ सूत्र टिकले. आज असे दिसते की पहिल्या काही मिनिटांतच विश्वातील साध्या द्रव्याचा सुमारे पाव भाग हेलियम झाला. १९६५ साली त्या तप्त आरंभाची थंड झालेली ऊब, म्हणजे सर्व दिशांनी येणारे सूक्ष्मलहरींचे प्रारण, सापडल्याचे जाहीर झाले. लमेत्र तेव्हा आजारी होते. ही बातमी त्यांच्या कानी पोहोचली आणि २० जून १९६६ ला ते वारले. त्या प्रारणात लाखात एक भाग एवढे बारीक चढउतार आहेत, असे १९९२ मध्ये उपग्रहाने दाखवले. आजच्या दीर्घिकांची बीजे ती हीच; आणि ती बीजे आरंभीच्या अणूहूनही सूक्ष्म पातळीवरच्या हालचालींतून उमटली असावीत, असे बहुतेक विश्वशास्त्रज्ञ मानतात.

२२ नोव्हेंबर १९५१ रोजी पोप पायस बारावे यांनी पोपच्या विज्ञान अकादमीपुढे भाषण केले. विश्वाला आरंभ आहे असे विज्ञान म्हणू लागले आहे, याचा हर्ष त्यांनी व्यक्त केला आणि 'प्रकाश होवो' या आदिवचनाशी त्याची सांगड घातली. सगळ्या ख्रिस्ती जगाला आनंद झाला. ज्याच्या शोधावर हा आनंद उभा होता, तो धर्मगुरू मात्र अस्वस्थ झाला. लमेत्र यांचे म्हणणे होते की हा सिद्धान्त भौतिकशास्त्राचा आहे. उद्या तो बदलू शकतो. श्रद्धावंताला तो श्रद्धा देत नाही आणि नास्तिकाची नास्तिकता हिरावून घेत नाही. व्हॅटिकन वेधशाळेचे संचालक फादर ओकॉनल यांच्यासह त्यांनी आपली काळजी योग्य ठिकाणी पोहोचवली. सप्टेंबर १९५२ मध्ये रोम येथे जगभरच्या खगोलशास्त्रज्ञांपुढे पोपमहोदय बोलले तेव्हा तो मुद्दा त्यांनी पुन्हा काढला नाही. परमगुरूंनी एका साध्या धर्मगुरूचे ऐकले. आपण या प्रसंगाची आठवण फार क्वचित काढतो.

मी मात्र लमेत्र यांचे ऐकले नव्हते, कारण मी त्यांना वाचलेलेच नव्हते. सुमारे वीस वर्षांपूर्वी, प्रभुप्रकटीकरणाच्या सणाला, ज्ञानी पुरुषांना वाट दाखवणाऱ्या ताऱ्यावर प्रवचन करताना मी जोशात सांगितले की अणूत तीच सूर्यमाला आहे जी आकाशात आहे. एकाच कारागिराचा शिक्का लहानावर आणि थोरावर सारखाच उमटला आहे. परमेश्वराच्या अस्तित्वाचा याहून मोठा पुरावा कोणता? लोकांना प्रवचन फार आवडले. पुढच्या बाकावर बसणारा एक हुशार मुलगा नंतर अभियांत्रिकी शिकायला नागपूरला गेला. नाताळच्या सुटीत आला तेव्हा माझ्याकडे येऊन शांतपणे म्हणाला, "फादर, तुम्ही सांगितलेला तो पुरावा खोटा आहे. आमच्या पहिल्याच वर्षाला शिकवतात. मग तुम्ही सांगितलेलं बाकीचं कशावरून खरं?" माझ्याजवळ उत्तर नव्हते. त्यानंतर काही वर्षे तो मिस्साला आला नाही. त्याच्या आईने मला कधी बोल लावला नाही, पण दर रविवारी ती एकटी येऊन बसे ते मला दिसत असे.

देव आहे हे मी त्याला अणूच्या चित्रावर टांगून दाखवले होते. खिळा निघाला तेव्हा चित्राबरोबर सगळेच खाली आले. लमेत्र यांना १९५१ साली जी भीती वाटली, ती मला एका मुलाच्या तोंडून कळली. तेव्हापासून मी या विषयाचे वाचन सुरू केले.

त्या वाचनात मला आपल्या मराठी माणसाची भेट झाली. जयंत नारळीकर यांचा जन्म १९ जुलै १९३८ चा, कोल्हापूरचा. बालपण बनारसला गेले, तेथे वडील विष्णू वासुदेव नारळीकर गणिताचे प्राध्यापक होते. केंब्रिजला फ्रेड हॉइल यांचे ते शिष्य झाले. हॉइल म्हणजे लमेत्र यांच्या सिद्धान्ताचे कट्टर विरोधक. 'बिग बँग' हा शब्द १९४९ साली त्यांनीच नभोवाणीवर वापरला. विश्वाला आरंभ आहे हे त्यांना पटत नसे. नारळीकरही अखेरपर्यंत महास्फोटाच्या सिद्धान्ताशी सहमत झाले नाहीत. काही श्रद्धाळू माणसे त्यामुळे त्यांच्याकडे दुरून पाहतात. ते मला उचित वाटत नाही. आपल्या शरीरातील कार्बन ताऱ्यांच्या पोटात कसा तयार होतो, याचा उलगडा १९५३ साली हॉइल यांच्याच अंदाजावरून झाला. आपण राखेच्या बुधवारी कपाळावर राख लावतो, ती कोठून आली हे सांगणारा माणूस विश्वाचा आरंभ मानत नव्हता. देवाच्या घरी अशी माणसे चालतात, असे मी मानतो.

१९६४ साली हॉइल आणि नारळीकर यांनी गुरुत्वाकर्षणाचा एक सिद्धान्त मांडला. त्याच्या मुळाशी एर्न्स्ट माख यांचा विचार होता. एखाद्या कणाला वस्तुमान का असते? तर विश्वातील इतर सर्व कणांशी असलेल्या त्याच्या संबंधामुळे, असे हा सिद्धान्त म्हणतो. बाकीचे विश्व काढून घेतले तर एकट्या उरलेल्या कणाला वस्तुमानच उरणार नाही. बहुसंख्य शास्त्रज्ञांनी हा सिद्धान्त स्वीकारला नाही आणि मूलकणांच्या वस्तुमानाचा विचार पुढे वेगळ्या दिशेने गेला. तसेच डिरॅक यांचे झाले. हायड्रोजनच्या अणूत विद्युत आकर्षण गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे एकावर एकोणचाळीस शून्ये इतके पट मोठे आहे. विश्वाचे वय अणूच्या सूक्ष्म कालमापाने मोजले तर तेही जवळपास तेवढेच मोठे येते. हा योगायोग नसावा, असे त्यांनी १९३७ साली सुचवले आणि त्यावरून गुरुत्वाकर्षण काळाबरोबर क्षीण होत असावे असे भाकीत केले. मोजमापे बारीक होत गेली तशी तशी क्षीणता आढळली नाही. म्हणजे पिंड आणि ब्रह्मांड यांना जोडणारे दोन थोर प्रयत्न प्रचीतीच्या कसोटीला पुरते उतरले नाहीत. पण दोघांनीही आपली कल्पना कसोटीसाठी उघड्यावर ठेवली. माझ्या त्या प्रवचनाला हे धैर्य नव्हते. ते टाळ्यांसाठी होते, तपासण्यासाठी नव्हते.

नारळीकर १९७२ मध्ये मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत परतले आणि १९८८ मध्ये पुण्याच्या 'आयुका'चे संस्थापक संचालक झाले. मराठीत त्यांनी विज्ञानकथा लिहिल्या. २०२१ च्या नाशिकच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. सही मागायला येणाऱ्या मुलांना ते म्हणत की सही नको, पोस्टकार्डावर एक प्रश्न लिहून पाठवा, मी उत्तर देईन. २० मे २०२५ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले.

शिबिर आटोपून सामान गाडीत चढवत होतो तेव्हा ती मुलगी पुन्हा आली. धोंडा तिच्या पिशवीत होता. म्हणाली, "फादर, युरेनियमचा एक अणू आज फुटतो आणि शेजारचा दोनशे कोटी वर्षं फुटत नाही. दोघं अगदी सारखे असतील तर कोणी कधी फुटायचं हे कोण ठरवतं?" नागपूरला गेलेला तो मुलगा आता नोकरीला लागला आहे आणि अधूनमधून आईबरोबर चर्चमध्ये दिसतो. त्याला विचार, असे मी तिला सांगितले आणि त्याचा नंबर दिला. पोस्टकार्डाचा पत्ता द्यायला मला उशीर झाला होता.